डावा कोपरा दिसत नाही

आई गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने चहा केला, बाबांच्या हातात कप दिला आणि मोरीत भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज थांबला. बाबांनी हाक मारली. तिने ओ दिली नाही. बाबा भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले आणि त्यांच्या पायाला तिचा हात लागला. शेजारच्या काकूंनी रिक्षा बोलावली. रिक्षा पुलावरून रोह्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं. पेणला मला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते. मी एसटीने अष्टमीला, आमच्या गावी आले. संध्याकाळी तिला नेलं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की टीव्ही बंद करतात. बंद म्हणजे पिन काढून ठेवतात आणि पडद्यावर कापड टाकतात. तेरावं झालं की गेलेल्या बाईच्या माहेरचा माणूस दुखवटा काढायला येतो, सगळ्यांचं तोंड गोड करतो, आणि मग टीव्ही त्याने लावायचा. घरच्यांनी लावायचा नाही. टीव्ही आमच्या भागात आला तो माझ्या आठवणीत, म्हणजे हा नियम काही फार जुना असू शकत नाही, पण तो पाळतात. काकूंनी टीव्हीवर टेबलावरचा रुमाल टाकला. रुमाल लहान पडला. खालची पट्टी उघडी राहिली, सामन्यात जिथे गुण दिसतात ती.

बाबांना त्याने फरक पडणार नव्हता. बाबांना दिसत नाही. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. कंपनीतून निवृत्त होईपर्यंत थोडी होती, पुढे तीही राहिली नाही. तरी आमच्या घरात टीव्ही जर कोणासाठी लागत असेल, तर तो बाबांसाठी. कबड्डीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसत, आई शेजारी खाली बसे, आणि पडद्यावर काय चाललं आहे ते ती त्यांना सांगे.

हे तिला का करावं लागे ते मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, टीव्हीवर दोन माणसं सतत बोलत असतात, एक जुना खेळाडू आणि एक बोलण्यात तयार, तर बाबांना ऐकून सगळं कळत असेल. पण ती माणसं ज्याला दिसतं त्याच्याशी बोलतात. ‘बघा, काय ताकद आहे!’ म्हणतात. कोणाची, कुठे, ते सांगत नाहीत, कारण ते समोर दिसत असतं. गुण सांगत नाहीत, ते पट्टीवर असतात. चढाईला किती सेकंद उरले ते कोपऱ्यातल्या घड्याळात असतं. कोण बाद झालं ते त्याच्या फोटोवरून कळतं. डोळे काढून घेतले तर उरतं ते कौतुक आणि गर्दीचा आवाज. त्यात कौतुक कोणाचं चाललंय तेही पुष्कळदा कळत नाही.

बाबा गावच्या संघातून खेळायचे. त्यांची जागा डावा कोपरा. समोरचा गडी चढाईला आत शिरला की खाली वाकून त्याचा पाय धरायचा, हे कोपऱ्याचं काम. त्यांच्या वेळी माती होती आणि मैदान एवढं शांत, की चढाई करणाऱ्याचा दम शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येई. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बाबा म्हणतात, दमावरून सगळं कळतं. गडी दमलाय का, वळतोय का, घाबरलाय का. टीव्हीवर तोच दम सगळ्यांत खाली दबलेला असतो. त्याच्यावर बोलणं, बोलण्यावर गर्दी, आणि गर्दीवर कसलंतरी संगीत. बाबा मान तिरकी करून त्या सगळ्याच्या खालून दम ऐकायचा प्रयत्न करत. कधी लागे, कधी नाही.

आईने बाबांना खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. नवी सून मैदानावर जाऊन उभी राहत नसे आणि पुढे मी झाले, मग राहूनच गेलं. पण तिने ते सगळे सामने ऐकले होते. मैदानातला कर्णा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. निवेदक गावचाच होता, आणि गावात एकेका नावाचे तीन-तीन गडी, म्हणून तो नाव घ्यायच्या ऐवजी जागा सांगे. डाव्या कोपऱ्याची पकड. डावा कोपरा बाद. डावा कोपरा परत आत. आई भाकऱ्या थापता थापता ऐके आणि नवरा बाद झाला की आत आला ते तिला कळे. बाबा घरी येऊन सामन्याबद्दल सांगायला लागले की ती म्हणे, ठाऊक हाय सगळं, हातपाय धुवा.

त्यामुळे तिचं सांगणं टीव्हीवरच्या माणसांसारखं नव्हतं, कर्ण्यावरच्या निवेदकासारखं होतं. गडी आत आला. उजवीकडं गेला. आता परत फिरला. डावा कोपरा वाकला. डावा कोपरा मागं सरला. पायावर डोळा ठेवून हाय. मध्येच, अमक्याचा शर्ट मळलाय, तो पंच सारखा घड्याळ बगतोय, समोर बसलेली बाई जांभई देते.

सुरुवातीला तिची एक चूक व्हायची. पकड झाली की टीव्हीवाले तीच पकड परत दाखवतात, आधी हळू, मग छपरावरच्या कॅमेऱ्यातून, मग पायाजवळून. आईला ते नवीन वाटायचं. मी शनिवारी पेणहून यायचे. तेव्हाचा एक सामना मला आठवतो. मी मागच्या दाराशी पुस्तक घेऊन बसले होते.

“पकडला,” आई म्हणाली. “चांगला आडवा केला. आता परत पकडला.”

“परत कसा पकडला गो? तो बाद झाला ना?”

“झाला तर काय झालं. परत आलाय नि परत पकडलाय. आता तिसऱ्यांदा पकडतात बगा, हळू हळू.”

बाबांनी बोटांवर हिशेब केला. “एवढे गडी बाद झाले तर लोण कसा नाय पडला?” लोण म्हणजे एका बाजूचे सगळे बाद होणं, त्याचे वेगळे गुण मिळतात.

“ते तुमच्या कबड्डीवाल्यांना विचारा. मी दिसतंय ते सांगते.”

मी उठून सांगितलं की ते एकच आहे, परत परत दाखवतात. आईला ते पटलं नाही. एकदा दाखवलं तर आम्हाला कळत नाही काय, असं तिचं म्हणणं. पण पुढे तिने स्वतःच खूण शोधली. जुनं दाखवायच्या आधी पडद्यावरून एक चिन्ह गरकन फिरून जातं आणि संपलं की परत जातं. चिन्ह फिरलं की ती म्हणायची, “जुनं हाय, चहा घ्या.” बाबा तेवढ्यात दोन घोट घेत. पुढे चिन्ह फिरण्याआधीच, गर्दीच्या आवाजावरून बाबांचा हात कपाकडे जाऊ लागला.

तेराव्यानंतर मामा कोलाडहून आले. पेढे आणले, बाबांना टॉवेल-टोपी दिली. मामा आईहून धाकटे, थकलेले, पण नियमाला पक्के. त्यांनी रुमाल काढून घडी केला, पिन लावली आणि रिमोट दाबला. योगायोगाने सामना चालू होता.

“दाजी, सामना लागलाय बघा,” मामा म्हणाले.

“लागू दे,” बाबा म्हणाले. ते उठले, दाराची चौकट चाचपली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मामांची पंचाईत झाली. ज्याने दुखवटा काढून टीव्ही लावला त्यानेच लगेच बंद करणं बरं दिसत नाही. ते एकटेच बसून बघत राहिले, मधून मधून अरे वा म्हणत, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग त्यांनी मला कोलाडला जाणारी शेवटची गाडी विचारली. ते गेल्यावर मी टीव्ही बंद केला.

माझी रजा संपत आली होती. डब्याचं काकूंनी घेतलं होतं. कपडे, औषधं, दाढी, सगळ्याची सोय लागली होती. उजाडल्यापासून दुपारपर्यंत बाबा आपली कामं चाचपत करत आणि त्यात त्यांचा वेळ जाई. प्रश्न फक्त संध्याकाळचा होता. दिवेलागणीला ते खुर्चीत बसत आणि झोपेपर्यंत तसेच बसून राहत, हात मांड्यांवर. जेवण पुढे केलं तर अर्धी भाकरी खात. काही विचारलं तर उत्तर देत. आपणहून काही बोलत नसत. मी सोमवारी निघून गेले तर या खुर्चीतल्या माणसाचं काय होईल ते मला दिसत होतं. मी पेणला चला म्हटलं.

“पेणात मला मोरी कुठं हाय ते ठाऊक नाय,” ते म्हणाले. तो विषय तिथे संपला.

मला स्वतःला काय होत होतं ते नीट सांगता येणार नाही. मला रडू आलं नव्हतं, अजूनही आलेलं नाही. मी पेणला परत आले. माझ्या खोलीच्या खाली गणपतींचा कारखाना आहे, जाता-येता ओळीने ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती दिसतात. मी त्यांच्याजवळून जाई, ग्रंथालयात पुस्तकं देई-घेई, संध्याकाळी बाबांना फोन करी. जेवलात का. जेवलो. तू. जेवले. मग ते म्हणत, ठेव आता.

पुढच्या शनिवारी अष्टमीला गेले तेव्हा मी त्यांना न विचारता टीव्ही लावला आणि आईच्या जागी खाली बसले. बाबा उठून गेले नाहीत. मी सांगायला लागले. मी नीट सांगितलं. कोणाचे किती गुण, कोणाचं नाव काय, कोणाची ही कितवी चढाई, किती सेकंद उरले. एकही चूक केली नसेन. बाबा ऐकत होते. मध्यंतराला जाहिराती लागल्या तेव्हा ते म्हणाले, “तू वाचून दाखवतेस.”

ते खरं होतं. मी पट्टी वाचत होते. माझा डोळा जिथे अक्षरं आहेत तिथेच जात होता. मैदानावर सात गडी उभे होते आणि मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

“मग काय सांगू?”

“डावा कोपरा काय करतो ते सांग.”

दुसरा डाव सुरू झाला. मी डाव्या कोपऱ्याकडे बघायचं ठरवलं, आणि तेव्हा मला कळलं की तो दिसत नाही. चढाई सुरू होते तेव्हा कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या तोंडावर असतो. मग त्याच्या नावाची आणि आकड्यांची पाटी येते आणि पडद्याचा तो भाग झाकते. ती जाईपर्यंत मागच्या पकडीचा तुकडा लावतात. तो संपला की बाहेर बसलेला प्रशिक्षक, मग गर्दीतलं तोंड रंगवलेलं पोरगं. दूरचं दृश्य येतं तेव्हा गडी आत शिरलेला असतो, सगळे हललेले असतात, आणि कोपऱ्याने काही केलं असेल तर ते करून झालेलं असतं. कोपरा दिसतो तो पकड झाली तरच, आणि तीही परत दाखवतात तेव्हा. जो नुसता वाकून, वाट बघत उभा आहे, त्याला दाखवत नाहीत.

मी सांगायचं सोडून पडद्यावर त्याला शोधत राहिले. आईने इतकी वर्षं प्रत्येक चढाईला डावा कोपरा सांगितला होता. वाकला, सरला, डोळा ठेवून हाय. एकदाही चुकवला नव्हता.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“डावा कोपरा दिसत नाही, बाबा.”

“मग?”

“मग काही नाही. ते दुसरंच दाखवतात.”

पडद्यावर कोणीतरी दोन गुण घेतले असावेत, आरडाओरडा झाला. शेजारच्या टीव्हीवरून तो आमच्या आधीच ऐकू आला होता.

“तिला पण दिसत नव्हता,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा टीव्हीकडेच होता.

“ती त्याला मधल्या रेषेजवळ आणून उभा करायची,” ते म्हणाले. “डावा कोपरा मधल्या रेषेवर कशाला जाईल? चहा प्यायला? कधी म्हणायची वाकलाय, नि तिकडं गडी उडी मारून निघून गेलेला असायचा. वाकलेला कोपरा असा सोडत नाय कोणाला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं, बाय. खेळत होता तो. खेळू दिला.”

आईला हे माहीत होतं का, की बाबांना माहीत आहे, हे मी विचारलं नाही. त्याचं उत्तर त्यांच्याकडे असेल असं मला वाटत नाही. सामना संपायला थोडा वेळ होता. मी जे दिसत होतं ते सांगितलं. पट्टी वाचायची नाही असं ठरवलं तर बोलायला फार थोडं उरतं. गडी आत गेला. उजवीकडे आहे. आता पाटी आली. आता प्रशिक्षक दाखवतात. डावा कोपरा दिसत नाही. असं मी तीन-चारदा म्हटल्यावर बाबा म्हणाले, गडी उजवीकडं हाय ना, मग तो मधे सरकलाय, एक पाऊल, जास्त नाय. पुढच्या वेळी मी दिसत नाही म्हटलं, की ते सांगत. आता तो खाली बसलाय. आता त्याने शेजाऱ्याचा हात धरलाय. आता सोडला. मला आईसारखं रचून सांगता आलं नसतं. मी पुस्तकात वाचलेलंसुद्धा बदलून सांगत नाही, तो माझा स्वभाव नाही. बाबा मात्र रचत नव्हते. त्यांना तो कुठे असेल ते खरंच ठाऊक होतं.

त्या दिवशी त्यांनी भाकरी पूर्ण खाल्ली की नाही ते मी पाहिलं नाही.

सोमवारी पेणला आल्यावर फोनवर जेवलात का विचारून झालं आणि ते ठेव म्हणायच्या आत मी म्हटलं, आज सामना आहे. ते म्हणाले, हाय खरा. मी मोबाइलवर सामना लावला, तो कपबशीला टेकवून उभा केला, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या साध्या फोनवरून त्यांना सांगायला लागले. तिकडे त्यांनी टीव्ही लावला होता. पण मोबाइलवरचं चित्र टीव्हीच्या मागे असतं. मी गडी आत गेला म्हणेपर्यंत अष्टमीत तो बाहेर आलेला असे.

“झालं ते, बाय,” बाबा म्हणायचे. “इथं मघाच ओरडले.”

थोडा वेळ असं चाललं. माझं सांगणं शिळं होऊन पोचत होतं. मग पलीकडचा आवाज एकदम गेला. गर्दी, संगीत, बोलणारी माणसं, सगळं. मला वाटलं फोन कटला.

“बाबा?”

“हाय. टीव्ही बंद केला. आता सांग.”

मी माझ्या मोबाइलचा आवाजही बंद केला. तेव्हापासून आम्ही तसंच करतो. आवाज नसला की पडद्यावरची माणसं काय म्हणतात त्याने काही अडत नाही. पाटी येते, चिन्ह फिरतं, तोंड रंगवलेली पोरं नाचतात, ते मी सांगत नाही, तेवढा वेळ दोघंही थांबतो. बाबांनी एकदा विचारलं, जुनं दाखवतात काय? मी हो म्हटलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पाणी प्यायल्याचा.

मामांनी मध्ये फोन करून विचारलं, दाजी टीव्ही बघतात ना आता? त्यांनी लावून दिलेला टीव्ही घरात बंद असतो हे त्यांना सांगणं मला जमलं नाही. मी सांगितलं की सामने चुकवत नाहीत. मामांना बरं वाटलं.

हंगाम काही महिन्यांचा असतो. या वर्षीचा अजून चालू आहे. बाबा अष्टमीत राहतात, मी पेणला. सामना असेल त्या संध्याकाळी मी दिसेल तेवढं सांगते आणि जे दिसत नाही ते ते सांगतात. सामना नसेल त्या दिवशी आम्ही जेवलात का एवढं विचारतो आणि फोन ठेवतो.